हात बसतो, नजर बसायला वेळ लागतो

मुलगा किंवा मुलगी गाडी शिकत असेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला असतो. परवाना हातात पडला की घर निर्धास्त होतं. खरी काळजीची वेळ मात्र तिथूनच सुरू होते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ९० नवशिक्या तरुणांच्या गाड्यांत कॅमेरे आणि सेन्सर बसवून त्यांचं चालवणं शिकाऊ परवान्यापासून पुढे सलग नोंदवलं गेलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं ते असं : शिकाऊ काळातल्या शेवटच्या तीन महिन्यांच्या तुलनेत एकट्याने चालवण्याच्या पहिल्या तीन महिन्यांत अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात होण्याचा धोका आठपट होता. एकदम वेग घेणं, करकचून ब्रेक मारणं, वळणावर गाडी जोरात फिरवणं हे प्रकारही चौपट झाले होते. चालक तेच होते. फक्त शेजारची सीट रिकामी झाली होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात रस्ते अपघातांत दरवर्षी सुमारे ११.९ लाख माणसं मरतात आणि ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. एवढ्या मोठ्या प्रश्नावर चर्चा होते तेव्हा दोनच मागण्या पुढे येतात : दंड वाढवा, नाहीतर परीक्षा कडक करा. तरुण चालक माजलेला असतो किंवा त्याला गाडी आवरत नाही, हे दोन्हीकडे गृहीत धरलेलं असतं. माझ्या मते निदान इथेच चुकतं. गाडीवर हात बसायला काही आठवडे पुरतात. रस्ता वाचणारी नजर तयार व्हायला कित्येक महिने आणि हजारो किलोमीटर लागतात. हा मधला काळ जिवावर न बेतता पार पडावा, यासाठी परवाना एका दिवसात पूर्ण न देता टप्प्याटप्प्याने खुला करायला हवा.

आधी निदानाचं पाहू. १६ ते १९ वयाच्या चालकांच्या दोन हजारांहून अधिक, जीवघेण्या न ठरलेल्या अपघातांची छाननी अमेरिकेत झाली होती. त्यांत बेफाम वेग हे कारण एक टक्क्यापेक्षाही कमी अपघातांत सापडलं. सगळ्यात मोठा वाटा न पाहण्याचा होता : समोर लांबवर न पाहणं, चौकात बाजूला न पाहणं, मागून काय येतंय ते न पाहणं. त्याखालोखाल लक्ष नसणं आणि परिस्थितीच्या मानाने वेग जास्त असणं. पुढे किशोरवयीन चालकांच्या ७९५ गंभीर अपघातांचा अभ्यास झाला. तिथेही अपुरं निरीक्षण, परिस्थितीच्या मानाने जास्त वेग आणि विचलित लक्ष या तीन चुकांनीच जवळपास निम्मे अपघात व्यापले होते. जीवघेण्या अपघातांत वेगाचा वाटा मोठा असतो, हे खरंच. पण तिथेही पुष्कळदा, या जागी हा वेग जास्त आहे, हे चालकाच्या ध्यानातच आलेलं नसतं.

हे न पाहणं म्हणजे डोळेझाक नव्हे. नवशिका डोळे ताणून पाहत असतो, पण चुकीच्या ठिकाणी. नवशिक्या आणि मुरलेल्या चालकांच्या डोळ्यांच्या हालचाली ओहायोतल्या संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मोजल्या होत्या. नवशिक्याची नजर बॉनेटच्या पुढच्या थोड्याशा पट्ट्यावर आणि रस्त्याच्या कडेवर खिळलेली असते, कारण गाडी सरळ ठेवण्यासाठी त्याला तो आधार लागतो. आरशांकडे ती क्वचित जाते. मुरलेला चालक लांब पाहतो, दोन्ही बाजूंना पाहतो, आरशावर नजर टाकून परत येतो, आणि गाडी लेनमध्ये ठेवायला त्याला नुसता डोळ्यांच्या कडेचा अंदाज पुरतो. नवशिक्याचं मन क्लच, गिअर, इंडिकेटर आणि स्टिअरिंगमध्ये इतकं गुंतलेलं असतं की लांबचं पाहायला त्यात जागाच उरत नाही. या क्रिया आपसूक होऊ लागल्या की ती जागा मोकळी होते. पण त्या मोकळ्या जागेत कुठे पाहायचं याची शिकवण भरली नाही, तर तिथे मोबाइल आणि गप्पा शिरतात.

पादचाऱ्यांच्या पट्ट्यांच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला एक ट्रक उभा आहे अशी कल्पना करा. रस्ता मोकळा, कुणी दिसत नाही. मुरलेला चालक इथे ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, ब्रेकवर नुसता टेकवून ठेवतो, गाडी ट्रकपासून थोडी लांब घेतो आणि ट्रकच्या पुढच्या कोपऱ्याकडे, शक्य असेल तर ट्रकच्या खालून दिसणाऱ्या पावलांकडे पाहतो. नवशिक्याला तिथे मोकळा रस्ताच दिसतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अशाच प्रसंगांवर सिम्युलेटर वापरून काम झालं. धोका दिसत नाही पण असू शकतो, अशा कोपऱ्याकडे नवशिके मुरलेल्यांपेक्षा खूप कमी वेळा पाहतात, असं त्यात आढळलं.

वाहतूक ओलांडून वळण्याचंही असंच. समोरून येणारी गाडी ताशी ६० किलोमीटरने येत असेल तर ती सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. थांबलेली गाडी सुरू करून, वळवून, समोरची लेन पूर्ण मोकळी करायला नवशिक्याला पाचेक सेकंद सहज लागतात. म्हणजे समोरची गाडी किमान ८५ मीटर दूर हवी आणि चूक पोटात घालायला शंभर मीटर बरे. नवशिका हे अंतर गाडीच्या आकारावरून ठरवतो. मोठी दिसली तर जवळ, लहान दिसली तर दूर. त्यामुळे मोटरसायकल त्याला नेहमी असते त्यापेक्षा लांब आणि संथ वाटते. शिवाय समोरच्या काचेचा बाजूचा खांब त्या दुचाकीला काही क्षण पूर्ण झाकू शकतो. चौकात डोकं पुढे-मागे करून खांबाच्या दोन्ही बाजूंनी पाहायचं असतं, ही साधी गोष्ट क्वचितच कुणी शिकवतं.

तिसरा प्रसंग शहराबाहेरच्या दुपदरी रस्त्यावरचा, आणि तरुणांचे जीव घेण्यात त्याचा हात मोठा आहे. वळणात वेग थोडा जास्त राहतो, बाहेरच्या बाजूची चाकं डांबर सोडून कडेच्या मातीवर उतरतात. डांबराची कड मातीपेक्षा काही इंच उंच असते. घाबरलेला चालक स्टिअरिंग झटक्याने रस्त्याकडे ओढतो. टायरची बाजू त्या कडेला घासत राहते, गाडी वर येत नाही, म्हणून तो आणखी ओढतो. मग चाक एकदम वर चढतं आणि वळवून धरलेल्या चाकांनिशी गाडी तिरकी होऊन समोरच्या लेनमध्ये फेकली जाते, किंवा उलटते. करायचं असतं ते याच्या उलट : स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा, करकचून ब्रेक मारायचा नाही, दोन चाकं मातीवर तशीच ठेवून वेग पुरेसा उतरू द्यायचा, मागेपुढे पाहायचं आणि मग हळूच रस्त्यावर यायचं. मुळात वळण सुरू होण्याआधी सरळ रस्त्यावरच वेग उतरवला असता तर यातलं काहीच घडलं नसतं. वळणाच्या आत पोचल्यावर ब्रेक आठवणं, ही नवशिक्याची ठरलेली चूक आहे.

वेगाबद्दल बोलताना आपण 'दहानेच तर जास्त होता' असं सहज म्हणून जातो. हिशेब करून पाहा. कोरडा रस्ता, चांगले टायर, धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद. ताशी ५० किलोमीटरला त्या दीड सेकंदातच गाडी सुमारे २१ मीटर पुढे जाते, आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४ मीटर. एकूण ३५ मीटर. ताशी ६० ला तेच अंतर ४५ मीटर होतं. आता ३५ मीटरवर एक मूल रस्त्यात आलं आहे असं धरा. पन्नासने येणारी गाडी त्याच्यापुढे थांबते. साठने येणारी गाडी त्याच जागी अजून ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावत असते, कारण तिने ब्रेक लागण्याआधीच २५ मीटर खाल्लेले असतात आणि ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. या ४० चा मार पायी चालणाऱ्याच्या जिवावर उठू शकतो. ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर सहज दीडपटीच्या पुढे जातं. रात्री लो बीमचा उजेड रस्ता साधारण ४० ते ६० मीटर दाखवतो, आणि ताशी ८० ला कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला ७० मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे तो चालक स्वतःच्या उजेडाच्या पलीकडे गाडी चालवत असतो. दिवे नसलेली बैलगाडी किंवा बंद पडलेला ट्रक दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. हे गणित प्रत्येक नवशिक्याला तोंडपाठ असायला हवं.

मग शिकवा ना, असं कुणीही म्हणेल. आणि इथेच सगळ्यांच्या आवडत्या उपायांची परीक्षा आधीच होऊन गेलेली आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डीकॅल्ब काउंटीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस १६,००० च्या वर विद्यार्थ्यांना गटांत विभागून फार मोठा प्रयोग झाला. एका गटाला त्या काळातलं सर्वोत्तम, सविस्तर वाहन प्रशिक्षण. एका गटाला जेमतेम परवान्यापुरतं. एका गटाला शाळेकडून काहीच नाही. अपघातांत टिकाऊ घट दिसली नाही. प्रशिक्षण घेतलेल्यांना परवाना लवकर मिळाला आणि ते लवकर रस्त्यावर आले, एवढा परिणाम मात्र झाला. नॉर्वेने १९७९ मध्ये निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचा वर्ग नवीन चालकांना सक्तीचा केला. पुढच्या तपासणीत तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात उलट वाढल्याचं आढळलं. कारण कळायला अवघड नाही. घसरलेली गाडी सावरणं हे नाजूक कसब आहे आणि वापरात नसलं की काही महिन्यांत निघून जातं. 'मला जमतं' हा विश्वास मात्र मागे राहतो, आणि त्या विश्वासावर तो ओल्या रस्त्यावर वेग कमी करत नाही. स्वीडनमधल्या एका प्रयोगातही हेच दिसलं. कौशल्य शिकवलेल्या गटाला आपण फार तयार झालो असं वाटू लागलं; आपल्या मर्यादा दाखवून दिलेल्या गटाइतकेच ते प्रत्यक्षात कुशल होते.

म्हणून घसरगुंडीच्या मैदानावर पैसा खर्च करण्याला माझा विरोध आहे. तिथे मुलं खूश होतात, पालक प्रभावित होतात आणि धोका वाढतो.

उपयोग होतो तो तासांचा. स्वीडनने १९९३ मध्ये शिकाऊ चालकाचं किमान वय साडेसतरावरून १६ केलं. पूर्ण परवान्याचं वय १८ च ठेवलं. ज्यांनी या जादा दीड वर्षाचा फायदा घेतला त्यांचा देखरेखीखालचा सराव सरासरी ११८ तासांच्या आसपास पोचला. पूर्वी तो चाळीस-पंचेचाळीस तासांच्या घरात असे. या गटाचा परवान्यानंतरचा अपघाताचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाला. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात २५ वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला १२० तास नोंदवावे लागतात आणि त्यांतले २० रात्रीचे असतात. शिकाऊ काळ स्वतः अतिशय सुरक्षित असतो, हे इथे लक्षात घ्यायला हवं. शेजारी जाणतं माणूस असताना मुलं क्वचितच मोठा अपघात करतात. इतका स्वस्त आणि सुरक्षित सराव दुसरा नाही, आणि आपण तो दहा-पंधरा फेऱ्यांत गुंडाळतो.

मात्र तास नुसते मोजून भागत नाही. तोच घर ते बाजार रस्ता शंभर वेळा केला तर तो एकच रस्ता पाठ होतो. सरावाची आखणी असावी लागते. पहिले दहा-पंधरा तास रिकाम्या जागेत आणि शांत रस्त्यांवर : क्लच, ब्रेक, मागे घेणं, उतारावर थांबून पुन्हा निघणं. मग चौक, गोल चौक, लेन बदलणं. मग गर्दीची वेळ, महामार्गावर शिरणं आणि बाहेर पडणं, पाऊस, संधिप्रकाश, पूर्ण रात्र, घाट, अनोळखी गाव. प्रत्येक नवी परिस्थिती आधी दिवसा आणि कोरड्यात, नंतर रात्री आणि ओल्यात. पुढच्या गाडीपासूनचं अंतर मोजायला शिकवावं : पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तेव्हा 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणायला लागायचं, ते म्हणून होण्याआधी आपण त्या खांबाशी पोचलो तर फार जवळ आहोत. पावसात हे दोनाचे चार करायचे.

शेजारी बसणाऱ्या मोठ्यांच्या हातून एक गोष्ट न कळत होते. 'आता डावीकडे घे', 'समोर सायकल आहे', 'मागून बस येतेय, थांब'. म्हणजे हात मुलाचे आणि डोळे वडिलांचे. शंभर तास असे गेले तर मुलाने हात वापरायचा सराव केला, पाहण्याचा केलाच नाही. परवान्यानंतर शेजारची सीट रिकामी होते तेव्हा गाडीतले डोळेच उतरून जातात. व्हर्जिनियातल्या त्या आठपटीमागे याचा मोठा हात असावा, असं मला वाटतं. उपाय सोपा आहे. वीस-तीस तासांनंतर शेजारच्याने सूचना देणं थांबवावं आणि चालवणाऱ्याने बोलावं : 'पुढे रिक्षा थांबलीय, दार उघडू शकतं. सिग्नल बराच वेळ हिरवा आहे, बदलेल. डाव्या आरशात दुचाकी आहे.' जे बोललं जात नाही ते पाहिलं गेलेलं नाही, हे लगेच उघड होतं. रस्ताही त्यालाच शोधू द्यावा. शेजारच्याने फक्त जिवावर बेतत असेल तेव्हाच तोंड उघडावं.

नजर शिकवता येते, याचा पुरावा आहे. संगणकावर धोक्याचे प्रसंग दाखवून, कुठे पाहायला हवं होतं ते विचारून, चूक दाखवून देणारा तासाभराच्या आतला एक कार्यक्रम कॅलिफोर्नियात पाच हजारांहून अधिक नवीन परवानाधारकांवर तपासला गेला. पुढच्या वर्षभरात त्यातल्या मुलांचे अपघात सुमारे २४ टक्क्यांनी कमी होते. मुलींमध्ये तसा फरक आढळला नाही, म्हणजे हे रामबाण औषध नाही. पण इतक्या थोड्या वेळात आणि नगण्य खर्चात एवढा फरक पडत असेल, तर परवाना देणारी कोणतीही यंत्रणा ते का करत नाही, याचं उत्तर तिने द्यायला हवं. ब्रिटनने नोव्हेंबर २००२ पासून परवान्याच्या लेखी परीक्षेला धोका ओळखण्याची चित्रफीत-चाचणी जोडली. प्रत्येक परवाना-परीक्षेत अशी चाचणी असावी आणि आठाचा आकडा काढण्यापेक्षा तिला अधिक गुण असावेत.

इतकं करूनही पहिले काही महिने धोक्याचेच राहतात. तिथे बंधनांची गरज लागते, आणि ती नेमकी कशावर घालायची हे आता चांगलं माहीत आहे. पहिलं, सोबतचे तरुण प्रवासी. अमेरिकेतल्या १६-१७ वर्षांच्या चालकांच्या जीवघेण्या अपघातांवरून केलेल्या हिशेबात, एकटं चालवण्याच्या तुलनेत २१ वर्षांखालचा एक प्रवासी असेल तर चालकाच्या मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी वाढतो, दोन असतील तर दुप्पट होतो, तीन किंवा जास्त असतील तर चौपट. आणि ३५ वर्षांवरचं माणूस सोबत असेल तर तो ६२ टक्क्यांनी घटतो. गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळावर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही हेच दिसलं होतं : मित्र बघत असताना किशोरवयीन मुलं जास्त जोखीम घेत होती, प्रौढांवर मित्रांच्या असण्याचा फारसा परिणाम होत नव्हता. यात मुलं वाईट असण्याचा प्रश्न नाही. त्या वयाचा मेंदू मित्रांच्या नजरेला तसाच प्रतिसाद देतो.

दुसरी रात्र, तिचं कारण वर आलंच आहे. त्यात झोप आणि थकवा मिळवा. तिसरा मोबाइल. नव्या चालकांच्या गाड्यांत कॅमेरे लावून केलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नंबर फिरवताना अपघात किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका आठपटीवर गेला, फोन उचलायला हात पुढे करताना सातपट, संदेश पाठवताना किंवा वाचताना जवळपास चौपट. फोनला नुसता हात घालणंही संदेश लिहिण्याइतकं, किंबहुना जास्तच, घातक निघालं. म्हणून 'हातात न धरता बोला' ही सवलत नवशिक्याला देऊच नये. फोन बंद करून मागच्या सीटवर ठेवावा.

यांतली पहिली दोन बंधनं एका चौकटीत बसवणारी पद्धत न्यूझीलंडने १९८७ मध्ये सुरू केली. पहिला टप्पा शिकाऊ, दुसरा मर्यादित, तिसरा पूर्ण. मर्यादित परवान्यावर रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने चालवायचं नाही आणि देखरेखीशिवाय प्रवासी घ्यायचे नाहीत. कॅनडात ओंटारिओने १९९४ मध्ये, अमेरिकेत फ्लोरिडाने १९९६ मध्ये अशी पद्धत स्वीकारली आणि मग इतर राज्यं आली. अमेरिकेतल्या राज्यांची तुलना केली तेव्हा, जिथे अशी बंधनं भरपूर आणि एकत्र लावली होती तिथे १६ वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात सुमारे ३८ टक्क्यांनी कमी आढळले.

या पद्धतीवरचे आक्षेप गंभीर आहेत आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. रात्रपाळीला जाणारा अठरा वर्षांचा मुलगा घरी कसा येणार? ज्या गावात बस नाही तिथल्या मुलीने काय करायचं? त्यांच्यासाठी ठरलेल्या मार्गापुरती, कामाच्या वेळेपुरती सूट द्यावी, आणि ती कागदावर असावी. सूट आहे म्हणून नियमच नको, हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण रात्री मरणाऱ्या तरुणांपैकी बरेच कामावरून परतत नसतात. दुसरा आक्षेप अंमलबजावणीचा : पोलीस प्रत्येक गाडीतल्या पोरांची वयं कुठे तपासणार? तपासणार नाहीतच. हा नियम पोलिसांपेक्षा आई-वडिलांच्या हाती जास्त काम करतो. 'कायद्यानेच बंदी आहे' असं म्हणता आलं की घरातला वाद संपतो. आई-वडिलांच्या नुसत्या इच्छेला तो आधार नसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. अमेरिकेतल्याच २०११ सालच्या एका मोठ्या विश्लेषणात, कडक पद्धतीच्या राज्यांत १६ वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात २६ टक्क्यांनी कमी, पण १८ वर्षांच्यांचे १२ टक्क्यांनी जास्त आढळले. एक शक्यता अशी की, बंधनं टाळायला मुलं अठरापर्यंत थांबली, आणि तिथे बहुतेक राज्यांत बंधनं अठराला संपतात. म्हणजे ती कोऱ्या नजरेनेच थेट पूर्ण परवान्यावर आली. यातून मी पद्धत मोडीत काढा असा निष्कर्ष काढत नाही. टप्पे वयाला न बांधता अनुभवाला बांधले पाहिजेत, असा काढतो. अठराव्या वर्षी शिकणारा असो वा तिसाव्या, पहिले बारा महिने बंधनं तीच. वयाने जोखीम कमी होते, हे खरं. पण पहिल्या काही महिन्यांत धोक्याची जी उतरण दिसते ती इतकी तीव्र आहे की त्या थोड्या महिन्यांत वाढलेलं वय तिचं कारण असूच शकत नाही. तिथे अनुभवच काम करतो.

गाडीबद्दल थोडक्यात. नवशिक्याला घरातली सर्वांत जुनी गाडी देण्याची रीत उलटी करावी. गाडी तिरकी होऊ लागली की चाकांवर वेगवेगळा ब्रेक लावून ती सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा, दुसऱ्या वाहनाशी टक्कर न होता एकट्या गाडीला होणारे जीवघेणे अपघात जवळपास निम्म्यावर आणते. कडेवरून उतरलेल्या चाकाच्या प्रसंगात तीच वाचवते. ती ज्या गाडीत आहे, ती त्याला द्यावी. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरच्या खाली गेल्या की पुष्कळ देशांत ते टायर बेकायदा असतात. नवशिक्यासाठी त्याच्या बरंच आधी बदलावेत. सीटबेल्ट पुढच्या सीटवर मृत्यूचा धोका जवळपास निम्मा करतो, आणि मागे बसलेल्या मित्रांनी तो लावलेला नसेल तर धडकेत ते पुढच्यांवर आदळतात.

दुचाकीवर वरचं सगळं लागू होतं, फक्त चुकीला जागा उरत नाही. तिथे आणखी एक गोष्ट आधी शिकवावी लागते : पुढचा ब्रेक. पडण्याच्या भीतीने नवशिके मागचाच दाबतात, पण ब्रेक लागताना वजन पुढे येतं आणि थांबवण्याची बहुतांश ताकद पुढच्या चाकात असते. गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा आवळत नेत वाढवायचा. आधी ताशी २० ला, मग ३०, मग ४० ला, रिकाम्या जागेत, हात आपसूक करेपर्यंत. हेल्मेट मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी घटवतं, पण हनुवटीचा पट्टा बांधलेला असेल तरच.

शेवटी एक मागणी, जिला कुणाचाच विरोध होऊ नये. अपघाताच्या नोंदीत चालकाचं वय लिहिलं जातं, परवान्याचा क्रमांकही लिहिला जातो. परवाना मिळून किती महिने झाले, हे कोष्टक त्यातून काढून दरवर्षी जाहीर करायला एक जादा रकाना पुरेल. पहिला महिना, दुसरा, तिसरा, असं चोविसाव्यापर्यंत, आणि त्यात दिवस की रात्र, गाडीत आणखी कोण होतं, हे दोन उपरकाने. बंधनं किती महिन्यांची असावीत, कोणती काढावीत, कोणती वाढवावीत, यावरचा वाद मग त्या कोष्टकासमोर बसून करता येईल.